सर्वानुमते मंजूर

१

मंगळवारी सकाळी नर्सबाई दवाखाना उघडायला गेली, तर दाराला तिच्या कुलपाच्या वर आणखी एक कुलूप, कुलपावर लाख आणि लाखेवर पालिकेचा शिक्का. शेजारी चिकटवलेला कागद दीड ओळीचा होता. "ठराव क्रमांक चौदा अन्वये हा दवाखाना पुढील आदेशापर्यंत बंद राहील." खाली अध्यक्षांची सही.

पायऱ्यांवर अकरा माणसं बसली होती. खोकणारी, कण्हणारी, आणि एक गवंड्याची बायको, आठवा संपत आलेली.

"बाई, आता कुठं जायचं?" तिनं विचारलं.

गावात दुसरा दवाखाना नाही, नदीपलीकडचा बारा किलोमीटरवर. नर्सबाई तडक रस्ता ओलांडून समोरच्या छापखान्यात शिरली. छापखाना तिच्या थोरल्या बहिणीचा. गाव तिला मावशी म्हणायचं. वीस वर्षं छपाईचे खिळे जुळवून तिची बोटं काळी आणि नजर सुईसारखी झाली होती. छापलेलं तर ती वाचायचीच, पण न छापलेलंही वाचायची, असं लोक म्हणत.

"ताई, काल संध्याकाळी मी स्वतः दार लावलंय. मला एका शब्दानं कुणी सांगितलं नाही गं! आत औषधं आहेत, माझं रजिस्टर आहे, बाळंतपणाची खोली आहे..."

"ठराव कधी झाला?"

"मला काय माहीत? मी पेशंट बघू की ठराव बघू?"

तेवढ्यात मास्तर आले. हे गावचे निवृत्त मास्तर, पालिकेतले विरोधी सदस्य. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, मावशीसकट. एरवी शांत माणूस, आज दारातूनच बोलू लागले.

"दारावरचा कागद वाचला आणि तसाच तडक इकडं आलो," ते म्हणाले. "गरिबांचा दवाखाना बंद करतात म्हणजे काय? पोरी, हे पत्रक घे. दुपारपर्यंत पाचशे प्रती हव्यात. या अध्यक्षाला आता गाव दाखवून देईल."

मावशीनं कागद जुळवणीच्या चौकटीला टोचला. मास्तरांचं अक्षर म्हणजे मोत्यांची ओळ. फक्त एक खोड होती. शाळेत त्यांनी पोरांना नवे नियम शिकवले, पण स्वतःचा हात जुन्याच वळणाचा राहिला होता. 'करण्यांत', 'नाहीं', 'यावें', जिथं तिथं टिंबं. मावशी ती जुळवताना मुकाट गाळायची. गुरूच्या चुका काढायच्या कशा?

पत्रक झणझणीत होतं. "'इमारत मोडकळीस आल्याने रुग्णांच्या जीवितास अपाय संभवतो' म्हणे! अहो, अपाय इमारतीपासून नाही, अध्यक्षांपासून संभवतो!"

दुपारी पत्रक गावभर झालं. मास्तरांनी गुरुवारी नव्हे तर पुढच्या गुरुवारी खास सभा लावून घेतली. नियमाप्रमाणे नऊ दिवसांची नोटीस लागते म्हणे. दवाखाना तोवर बंद.

रविवारी दुपारी गवंड्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. नर्सबाई धावली, पण पोर आडवं होतं आणि लागणारं सगळं लाखेच्या शिक्क्याआड. हातगाडीवर घालून तिला पलीकडे न्यायला निघाले. पुलावर मुलगी जन्मली. पूल संपायच्या आत गेली.

नर्सबाई परत आली ती मावशीच्या दारात मटकन बसली. हातांवरचं रक्त वाळलं होतं.

"कुलूप मी तोडायला हवं होतं," ती म्हणाली. "तोडलं का नाही मी?"

मावशीनं पाण्याची बादली आणली, बहिणीचे हात धुतले आणि म्हणाली, "कुलूप घातलं कुणी, ते आधी बघते."

२

पालिकेच्या कचेरीत तीन टेबलं, दोन कपाटं आणि एक कारकून. कारकून इतका भित्रा, की स्वतःच्या शिंकेनं दचकायचा.

"ठरावाची वही बघायचीय," मावशी म्हणाली.

"अर्ज लागेल."

मावशीनं तिथंच उभ्या उभ्या अर्ज लिहिला. कारकून बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. अकरा वर्षांत हा पहिलाच अर्ज. कुठं फाइल करायचा तेच कळेना."

त्यानं कपाट उघडून जाड वही काढली. कापडी बांधणी, पानांवर छापील आकडे. पान फाडता येणार नाही, घुसवता येणार नाही. ही वही बांधली होती मावशीनंच. तिनं शिवण तपासली. एक दोरा हललेला नव्हता.

पान बासष्ट. तारीख गेल्या महिन्याची चार. "ठराव क्रमांक चौदा. दवाखान्याची इमारत मोडकळीस आल्याने रुग्णांच्या जीवितास अपाय संभवतो, सबब दवाखाना बंद करण्यांत यावा. सूचक: अध्यक्ष. अनुमोदक: बेकरीच्या मालकीणबाई. सर्वानुमते मंजूर." खाली सात सह्या. सातही सदस्यांच्या, मास्तरांचीसुद्धा.

"सह्या खऱ्या आहेत?"

"शंभर टक्के. माझ्या डोळ्यांदेखतच्या."

"आणि अक्षर?"

कारकुनानं पान जवळ ओढून पाहिलं. "माझंच."

"म्हणजे तू लिहिलंस?"

"तसंच असणार ना! अक्षर माझं आहे म्हटल्यावर... खरं सांगू मावशी? मला आठवत नाही. महिना संपला की बाकी राहिलेले ठराव काढायचे आणि आदेश टाइप करायचे, एवढंच मी करतो. हा दिसला. वाटलं, लिहिला असेल आपणच. आदेश टाइप केला, साहेबांनी सही केली, शिपायानं लाख लावली."

"साहेबांनी वाचला?"

"साहेब सही करताना फोनवर असतात."

"शिपायानं?"

"त्याला वाचता येत नाही."

एक मूल मेलं होतं, आणि कचेरीतला प्रत्येक जण आपापलं काम चोख करून मोकळा होता!

"या सभेत चर्चा काय झाली? कोण काय बोललं?"

"त्या दिवशी..." कारकून बोलता बोलता थांबला. त्याचा चेहरा उतरला. घाईघाईनं वही मिटत तो म्हणाला, "ते सदस्यांनाच विचारा."

"एवढं सांग, माझ्याआधी ही वही कुणी पाहिली?"

"सभेच्या दिवशी टेबलावर असते. एरवी मास्तर तेवढे शनिवारी येऊन वाचत बसतात. सातांपैकी वाचणारे ते एकटेच. पण दवाखाना बंद झाल्यापासून ही कपाटातून बाहेर आलेली नाही. किल्ली माझ्या कमरेला आहे."

३

बेकरीच्या मालकीणबाई म्हणजे काकू. मावशीची जुनी मैत्रीण, तोंडानं फटकळ. मावशी पोचली तेव्हा त्या कोपरापर्यंत पिठात होत्या.

"अनुमोदक? मी?" काकू ओरडल्या. "माझ्या लेकीची दोन्ही बाळंतपणं मी त्या दवाखान्यात बसून पाहिलीत! माझी सून तिथंच सुटली! मी कशाला बंद करू?"

"खाली सही तुझी आहे."

"दाखव!"

"वही कपाटात आहे. पण तुझ्या सहीखाली तू दोन रेघा ओढतेस ना? त्या आहेत."

काकूंचे हात पिठात थांबले. "तारीख काय म्हणालीस?"

"चार."

"चार तारखेला तर..." काकूंनी भट्टीकडे बघितलं. भट्टीच्या वरची भिंत अजून काळी होती. "चार तारखेला माझ्या धुराड्यानं पेट घेतला. मी सभागृहात जाऊन बसले न बसले तोच बोंब झाली. सगळेच्या सगळे इकडं धावले. अध्यक्षांनी स्वतः बादल्या ओतल्या. सभा झालीच नाही!"

"मग सह्या कधी केल्यात?"

काकू खाली बघून पीठ मळू लागल्या. फटकळ बाई गप्प झाली की समजावं, पाणी मुरतंय.

"काकू, एक पोर गेलंय."

"आम्ही आधी करतो," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "बसलो की आधी सह्या. कोऱ्या पानावर. मग चर्चा रेंगाळली तर ज्याला जायचं तो जातो. कारकून नंतर भरून टाकतो. वर्षानुवर्षं असंच चाललंय गं. मी नवी आले तेव्हा विचारलं होतं, तर म्हणाले, आपला एकमेकांवर विश्वास आहे."

"विश्वास!" मावशी ताडकन उठली. "मी दहा रुपयांची पावती छापताना दोनदा वाचते. तुम्ही गावाचं नशीब कोऱ्यावर सही करून देता?"

काकूंनी हातांचं पीठ फडक्याला पुसलं.

तर कोडं उलगडलं होतं, पण अर्धंच. सभा झाली नाही, सह्यांचं पान कोरं राहिलं, आणि नंतर कुणीतरी त्यावर ठराव लिहिला. कुणी?

गावाला विचारलं असतं, तर गावानं डोळे मिटून अध्यक्षांचं नाव घेतलं असतं. त्यांची लाकडाची वखार दवाखान्याला लागून होती, आणि त्या जागेवर त्यांचा डोळा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मावशी वखारीत गेली तेव्हा ते ओंडक्यांवर खडूनं आकडे घालत होते.

"मावशी, सही माझी आहे, नाही कशाला म्हणू?" ते म्हणाले. "आणि ठरावही वाईट नाही. इमारत जुनीच आहे की."

"तुम्ही मांडलात?"

"मांडला असेल."

"असेल म्हणजे? सभा झाली नव्हती हे तुम्हाला आठवत नाही?"

अध्यक्ष हसले. "आठवतं. पण ते बोलून दाखवायचं म्हणजे कोऱ्या सह्यांचंही बोलावं लागेल. मग मागचे शंभर ठराव कुणीतरी उकरणार. त्यापेक्षा झालं ते झालं. शिवाय जागा रिकामी झाली तर गावाच्याच कामी येईल."

"गावाच्या की वखारीच्या?"

"वखार गावातच आहे ना?"

मावशीला वाटलं, समोरचा खडू घ्यावा आणि याच्या कपाळावर आकडा घालावा. पण परत येताना तिच्या डोक्यात एक गोष्ट राहून राहून टोचू लागली. माणूस निर्लज्ज होता, पण लपवत काहीच नव्हता. आयतं घबाड सापडलेल्या माणसासारखं बोलत होता. ज्यानं खड्डा खणला तो असा काठावर बसून पाय हलवत नाही.

४

छापखान्यात येऊन तिनं पाटी काढली आणि ठराव आठवेल तसा लिहिला. वाचलेला मजकूर ती विसरत नसे, तो तिचा धंदाच होता.

"जीवितास अपाय संभवतो." हे शब्द तिनं आधी कुठं जुळवले होते?

पत्रकात. मंगळवारी सकाळी.

दारावरचा कागद दीड ओळीचा होता. त्यात इमारत नव्हती, अपाय नव्हता, कारणच नव्हतं. ते शब्द फक्त वहीच्या बासष्टाव्या पानावर होते, आणि वही कपाटात होती. मास्तर तर म्हणाले होते, दारावरचा कागद वाचला आणि आलो.

नाही, नाही. मास्तर शनिवारी वही वाचायचे. त्यांनी आधीच वाचलं असेल. पण मग गप्प का बसले? महिनाभर मुदत होती. एक आवाज दिला असता तर लाख वितळलीच नसती.

तिनं खिळ्याला अडकवलेल्या जुन्या मजकुरांचा गठ्ठा उतरवला. मास्तरांचा कागद सापडला. शेवटी लिहिलं होतं, "हा अन्याय तत्काळ दूर करण्यांत यावा." 'ण्यां'वर टिंब.

वहीतही टिंब होतं. "बंद करण्यांत यावा." मावशीच्या डोळ्यांना त्या टिंबाची इतकी सवय, की कचेरीत वाचताना तिनं ते मनातल्या मनात गाळून टाकलं होतं!

ती पुन्हा कचेरीत गेली आणि कारकुनाच्या हातचे मागचे चाळीस ठराव वाचले. चाळीसही ठिकाणी 'करण्यात'. टिंब एकदाही नाही.

"तुझं अक्षर कुणी वळवलं रे?" तिनं विचारलं.

"मास्तरांनी. हात धरून." कारकून पहिल्यांदाच हसला. "अजून लोक म्हणतात, तुमचं आणि मास्तरांचं अक्षर ओळखू येत नाही."

मावशी वही हातात धरून उभी राहिली. याच माणसानं तिलाही 'अ' गिरवायला शिकवला होता. राग येण्याआधी तिला रडूच आलं.

५

गुरुवारी सभागृह खच्चून भरलं होतं. खिडक्यांतही माणसं. नर्सबाई भिंतीला टेकून उभी होती आणि सगळ्यात मागच्या बाकावर गवंडी बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून. मास्तर बोलायला उठले तेव्हा टाळ्या पडल्या.

"हा काळा ठराव रद्द झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही!"

पुन्हा टाळ्या. मावशीनं हात वर केला.

"मास्तर, एक विचारू?"

"विचार पोरी. गावाला विचारायचा अधिकार आहे."

"हा ठराव तुम्हाला कधी कळला?"

"मंगळवारी. दारावर."

"त्या दिवशी साडेदहाला तुम्ही मला पत्रक दिलंत. त्यात 'जीवितास अपाय संभवतो' असं आहे. दारावरच्या कागदात ते नाही. वही कपाटात होती. मग शब्द कुठून आले?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "मी... शनिवारी वही वाचतो. तेव्हा पाहिलं असेल."

"म्हणजे आधी माहीत होतं. आणि गप्प बसलात. का?"

मावशीनं दोन कागद काकूंच्या हाती दिले. एक मास्तरांच्या पत्रकाचा, दुसरा पान बासष्टची नक्कल, टिंबासकट कारकुनाकडून काढून घेतलेली. शेजारी वही उघडी. मग तिनं सगळं सांगितलं. चार तारखेची आग, कोऱ्या सह्या, रिकामं राहिलेलं पान, दोघांचं एक अक्षर आणि एकाच हाताचं टिंब. आवाज चढवला नाही. चढवला असता तर फुटला असता.

कारकून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता उभा राहिला. "मी टिंब देत नाही," तो म्हणाला. "मास्तर, तुम्हीच मला छडी मारली होती त्यासाठी."

मास्तर खाली बसले. एका क्षणात म्हातारे दिसू लागले.

"आठ-नऊ दिवसांचा प्रश्न होता," ते पुटपुटले. "या माणसाला कुणी हटवत नाही. वीस वर्षं भाषणं केली, कुणी ऐकलं नाही. म्हटलं, लोकांना चटका बसल्याशिवाय जाग येणार नाही. आजच्या सभेत रद्दच करून घेणार होतो. कुणाचं वाईट व्हावं असं माझ्या मनात..."

"चटका?" नर्सबाई भिंत सोडून पुढं आली. "तुम्हाला चटका हवा होता तर स्वतःचं घर पेटवायचं होतं! पायरीवर अकरा माणसं होती. तुम्ही त्यांच्यासमोरून चालत आलात. त्या बाईचं पोट दिसलं नाही तुम्हाला?"

अध्यक्षांना आता बळ आलं. ते उठले, कोट सारखा केला. "पाहिलंत ना मंडळी, विरोधकांचं कारस्थान? मावशी, हेच सगळं उद्याच्या पत्रकात..."

"तुमचं पत्रक मी छापणार नाही," मावशी म्हणाली. "मास्तरांनी एक खोटा ठराव लिहिला. तुम्हाला तो खोटा आहे हे माहीत होतं आणि तुम्ही वखारीत बसून जागा मोजत होतात. आदेशावर सही तुमची. आणि बाकीचे पाच? कोऱ्या कागदावर सह्या केल्यात. त्या सातांतली एक जरी नसती ना, तरी मास्तरांना लिहायला पान मिळालं नसतं. खाली काय लिहिलंय तेवढं खरं आहे. सर्वानुमते!"

काकू उठल्या, शिपायाला म्हणाल्या, "जा, लाख फोड. लेखी आदेश मागून येतोय." शिपाई धावत गेला. मग त्यांनी ठराव मांडला. ठराव चौदा रद्द, दवाखाना आजपासून सुरू, कोऱ्या सह्यांची आणि बासष्टाव्या पानाची तक्रार वरच्या कचेरीकडे. अध्यक्ष काही म्हणू पाहत होते, पण खिडकीतली माणसं आत सरकली होती. सात हात वर झाले. मास्तरांचाही.

कारकून लिहू लागला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"माझी मुलगी कुठं लिहिणार?"

गवंडी उभा होता. हातांवर अजून चुन्याचे डाग.

"तिला नाव नव्हतं," तो म्हणाला. "जन्माची नोंद नाही, मरणाची नाही. कचेरीत गेलो तर म्हणाले, पूल आमच्या हद्दीत येत नाही. तुमच्या त्या वहीत सगळं लिहिता ना? ते लिहा."

अध्यक्षांनी कारकुनाकडे पाहिलं. "तशी पद्धत नाही..."

"लिही," काकू म्हणाल्या.

कारकुनानं लिहिलं. एकेक अक्षर सुटं होतं. "दवाखाना बंद असल्याने रविवारी पुलावर एक मुलगी जन्मली व वारली. हा दवाखाना आम्ही बंद केला होता."

पेन पहिल्या सदस्यापुढं गेलं. तो सही करायला वाकला, तसा गवंडी बाकांमधून चालत पुढं आला आणि त्यानं आपला रुंद हात पानावर ठेवला.

"आधी वाचा."

सदस्यानं वाचलं. मग सही केली. दुसऱ्यानं वाचलं. काकूंनी वाचलं, वाचताना दोनदा थांबल्या. अध्यक्षांनी भराभर वाचलं, तेव्हा गवंडी म्हणाला, "परत." त्यांनी परत वाचलं. खिडकीतलं कुणी हललं नाही, कुणी घरी गेलं नाही.

शेवटी वही मास्तरांपुढं आली. त्यांनी चष्मा घातला. ओठ हलले, पण शब्द पहिल्या बाकापर्यंतही पोचले नाहीत. ज्या आवाजानं अर्ध्या गावाला पाढे शिकवले, तो आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

गवंडी वाकून उभा होता. तो रागावला नाही, ओरडला नाही.

"मोठ्यानं मास्तर," तो म्हणाला. "मागं तिची आई बसलीय."